किती देते?

मे महिन्यातली संध्याकाळ, साडेसहा वाजलेले. ऊन उतरलं होतं, पण वर्धा रोड अजून तव्यासारखा तापलेला. पंपावर पुढच्या नोझलला एक गर्द निळी नवी कोरी गाडी उभी. बोनेटवर सुकलेला झेंडूचा हार, मागच्या सीटचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. स्टिअरिंगवर पंचविशीची मुलगी. तिचे वडील खाली उतरून मशीनवरचं शून्य बघत उभे, आपल्याकडे सगळेच उभे राहतात तसे. नोझल धरलेल्या पोरानं सहज विचारलं, “काका, किती देऊन राहिली?” काकांनी तोंड उघडायच्या आत गाडीतून उत्तर आलं, “अकरा.” अगदी ठणठणीत, कोणी आपली उंची सांगावी तसं. त्यावर काका घाईघाईनं म्हणाले, “अजून पहिली सर्व्हिसिंग व्हायची आहे. नंतर वाढेल.” पोरीला मार्क कमी पडले की पाहुण्यांना ‘पेपरच कठीण निघाला’ म्हणून सांगतात ना, तो आवाज.

त्या ‘वाढेल’नं पिच्छा सोडला नाही.

कारण वाढतं, पण किती? नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर नीट बसायला दोन-तीन हजार किलोमीटर जातात. तोवर घर्षण थोडं जास्त असतं, ते कमी झालं की लिटरमागे अर्धा, फार तर एक किलोमीटर पदरात पडतो. हजार किलोमीटरची पहिली सर्व्हिसिंग तर बहुतेक वेळा नुसती पाहणी असते. अकराचे सोळा करणारं कोणतंही बटण वर्कशॉपमध्ये नसतं. काकांनाही ते ठाऊक असावं, मुलीला तर होतंच. म्हणजे तो प्रश्न इंजिनाबद्दल नव्हताच. तो घराण्याबद्दल होता. गाय दूध देते, झाड फळ देतं, तशी आपल्याकडे गाडी अ‍ॅव्हरेज देते, आणि जी देत नाही ती ‘पिते’. पिणारं माणूस घरात असण्याची जी लाज, तीच या क्रियापदाला चिकटलेली आहे. (मारुतीच्या जाहिरातीनं हा प्रश्न हिंदीत करून देशभर नेला, पण तो आपल्या तोंडी आधीपासून होता.) चालवण्यातल्या मजेसाठी मात्र असं एकही क्रियापद आपल्याजवळ नाही. ‘चालवायला मस्त आहे’ हे वाक्य लोक आवाज उतरवून बोलतात आणि पाठोपाठ सेफ्टी रेटिंगचं नाव घेतात, म्हणजे मजेवर जरा पांघरूण पडतं.

ही सवय आली कुठून हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. स्कूटर आडवी करून टाकीच्या तळचं पेट्रोल कार्ब्युरेटरकडे वळवणारी पिढी अजून गाडी चालवते आहे. सिग्नलला इंजिन बंद करणं, उतारावर न्यूट्रल टाकणं, डायरीत तारीख-लिटर-किलोमीटर लिहिणं हे त्या पिढीचं नित्यकर्म. आणि मग मधल्या काळात एक विचित्र सुदैव आलं. २०१६ मध्ये मारुतीची ब्रेझा आली ती फक्त डिझेलमध्ये, फिआटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन घेऊन. ९० अश्वशक्ती, पण टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, २०० न्यूटन मीटर. इंजिनाच्या मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या खाली थोडी आळशी, तिथून पुढे मात्र पाठीत बुक्का मारल्यासारखी ओढ, आणि हायवेवर विशीच्या घरातलं अ‍ॅव्हरेज. एकाच इंजिनात कंजुषी आणि मस्ती दोन्ही. त्या इंजिनानं आपल्याला बिघडवलं असं माझं स्पष्ट मत आहे. त्यामुळे निवड करायची असते हेच लोक विसरले. १ एप्रिल २०२० ला धुराचे कडक नियम घेऊन बीएस-सहा आलं, मारुतीनं डिझेल बंदच केलं, आणि निवड पुन्हा दारात येऊन उभी राहिली.

आता जी गाडी दिसते तिचा आकार इंजिनिअरनं जेवढा ठरवला, तेवढाच कर खात्यानं. चार मीटरच्या आत लांबी, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० पर्यंत, असं असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के. यातली एक जरी अट मोडली तर ४० टक्के. म्हणून इतक्या गाड्यांची लांबी मोजून-मापून ३९९५ मिलिमीटर भरते, आणि म्हणूनच १.० आणि १.२ लिटरच्या छोट्या इंजिनांच्या गळ्यात टर्बो अडकवलेला असतो. ब्रेझाचं १४६२ सीसीचं साधं पेट्रोल इंजिन लांबीत बसूनही सीसीत अडकतं. ही छोटी टर्बो इंजिनं म्हणजे दुतोंडी प्राणी. हलक्या पायानं चालवली तर लिटरभराच्या गाडीएवढंच पितात. दाबली की टर्बो जास्त हवा कोंबतो, हवेबरोबर तितकंच पेट्रोल आलं, आणि फारच दाबलं तर एक्झॉस्ट तापू नये म्हणून संगणक वरून आणखी ओततो. तीच गाडी एकाच्या हातात सतरा देते आणि दुसऱ्याच्या हातात अकरा. दोघंही खरं बोलत असतात.

मग माहितीपत्रकावरचा आकडा कुणाचा? तो कोणाचाच नाही. तो रोलरवर फिरणाऱ्या चाकांचा आहे. बंद खोलीत, यंत्रावर, १,१८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटंही नाहीत, आणि अंतर जेमतेम पावणेअकरा किलोमीटर. कमाल वेग ताशी ९०. एसी बंद. नागपुरात मे महिन्यात एसी बंद ठेवून कार चालवणारा माणूस दाखवा, त्याचा सत्कार करू. पार्किंगमध्ये दुपारभर उभी राहिलेली गाडी आतून साठ अंशांच्या वर गेलेली असते. पहिली दहा मिनिटं कॉम्प्रेसर एक क्षण थांबत नाही, आणि नेमका तेवढाच तर आपला प्रवास असतो. धरमपेठ ते सदर, मनीषनगर ते बर्डी. इंजिन पूर्ण तापायच्या आत घर येतं, आणि थंड इंजिनाला संगणक मुद्दाम जास्त पेट्रोल पाजतो. त्यात एसी लावून सिग्नलला उभी असलेली गाडी तासाला पाऊण-एक लिटर जाळते आणि तेवढ्या वेळात शून्य किलोमीटर जाते. वरून इथेनॉल. इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या मानानं सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. म्हणजे २० टक्के मिश्रणात निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत साडेसहा-सात टक्क्यांची तूट आणि आधीच्या १० टक्के मिश्रणाच्या तुलनेत साधारण तीन-साडेतीन. इथेनॉलचे इतके जुने पुरस्कर्ते नितीन गडकरी या शहराचे खासदार, त्यामुळे या विषयावर चहाच्या टपरीवर दोन तट पडतात. पण अकरा आणि सोळातला फरक इथेनॉलवर ढकलता येत नाही. तो तितका मोठा नाहीच.

आता हिशेब. तो बहुतेक घरांत उलटा मांडला जातो. दहाची गाडी सोडून बाराची घेतली तर दोनचाच फायदा, आणि वीसची सोडून पंचवीसची घेतली तर पाचाचा, म्हणजे दुसरा सौदा जास्त चांगला, असं वाटतं ना? १०० किलोमीटरला लिटर किती लागले ते काढा. दहाच्या गाडीला १० लिटर, बाराच्या गाडीला ८.३३. वाचले १.६७. वीसच्या गाडीला ५ लिटर, पंचवीसच्या गाडीला ४. वाचला एक. अ‍ॅव्हरेज जसजसं चढत जातं तसतसा वरचा प्रत्येक किलोमीटर कमी पैसे वाचवतो. आपली सगळी हमरीतुमरी मात्र तिथेच चालते, एकवीस की तेवीस.

पेट्रोल हिशेबाला सोपं म्हणून १०० रुपये धरू. नागपुरात ते त्याहून थोडं वरच असतं. वर्षाला १०,००० किलोमीटर फिरणाऱ्या घरात बारा देणारी आवडती गाडी आणि सतरा देणारी शहाणी गाडी यांच्यात वर्षाला २४५ लिटरचा फरक पडतो. म्हणजे साडेचोवीस हजार रुपये, महिन्याला दोन हजारांच्या जरा वर. हा फरक लहान नाही, पण घर बुडवणाराही नाही. चौघांच्या कुटुंबानं महिन्यातून एकदा सावजी जेवून, वर आइस्क्रीम खाऊन यावं, तेवढा. आणि हाच माणूस फिरतीच्या नोकरीत असेल, चंद्रपूर-यवतमाळ-गोंदिया करत वर्षाला २४,००० किलोमीटर कापत असेल, तर तोच फरक ५८,००० च्या पुढे जातो. तिथे मजेची भाषा करू नये. तिथे हायब्रीडचा, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि मोटर असलेल्या गाडीचा, विचार करावा, आणि त्याचाही असाच हिशेब करावा. मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर यांच्या स्ट्राँग हायब्रीडचा कागदावरचा आकडा २७.९७. प्रत्यक्षात बावीस धरा. साधी पेट्रोल गाडी चौदा. हायब्रीडसाठी समजा २ लाख जास्त मोजले, तर वर्षाला १२,००० किलोमीटर चालवणाऱ्याचे ते वसूल व्हायला सव्वासहा वर्षांच्या वर लागतात. २४,००० वाल्याचे सव्वातीन वर्षांत. पंपावर उभं राहून ‘किती देते’ विचारणाऱ्यानं खरं तर आधी ‘किती चालते’ विचारायला हवं.

आणि तिथून पुढे आणखी एक प्रश्न, जो कोणीच विचारत नाही. त्यातले मजेचे किलोमीटर किती?

नागपूर हे सपाट शहर. रस्ते रुंद, वळणं काटकोनात, दर चौकात सिग्नल. इथे वळणावर गाडी किती चिकटून राहते या गुणाचा उपयोग वर्षातून फार थोड्या वेळा होतो. पण मजा म्हणजे वेगच असं ज्यांनी ठरवलंय त्यांनी शहरात नीट चालवून पाहिलेलं नसतं. शहरातली मजा दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये, १,५०० ते २,५०० फेऱ्यांच्या आत असते. स्पीडब्रेकर ओलांडल्यावर दुसऱ्यातच गाडी न कुरकुरता उचलते का? मेट्रोच्या खांबांमधला यू-टर्न एका झटक्यात बसतो का, की रिव्हर्स टाकावा लागतो? क्लच अर्ध्या तासानं पोटरीत जाणवतो का? माहितीपत्रकातली अश्वशक्ती इथे कामाची नाही, कारण ती साडेपाच-सहा हजार फेऱ्यांना मिळते, आणि तिथवर शहरात कोणी जातच नाही. बघायचा तो टॉर्क, आणि तो किती फेऱ्यांना मिळतो हा त्याच्या शेजारचा छोटा आकडा. ब्रेझाचे १३७ न्यूटन मीटर ४,४०० फेऱ्यांना. स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुनच्या एक लिटर टर्बोचे १७८ साधारण १,७५० पासून. महिंद्राच्या ३एक्सओमधल्या ताकदवान पेट्रोल इंजिनाचे २३० दीड हजारापासून. हे छोटे आकडे म्हणजे गाडीचा स्वभाव. पहिली गाडी ‘थांब, आधी मला गिअर खाली टाक’ म्हणते. दुसऱ्या दोन ‘चल’ म्हणतात.

अर्थात कागदावरचा ‘चल’ आणि रस्त्यावरचा ‘चल’ वेगळा, म्हणून टेस्ट ड्राइव्ह. तीही आपण फुकट घालवतो. शोरूमचा पोरगा गाडी आधीच गार करून आणतो, गाणी लावतो, दोन किलोमीटरचा ठरलेला फेरा मारून आणतो आणि परत येईपर्यंत रंगाचा विषय काढतो. त्याला सांगायचं की अर्धा तास हवा, आणि दुपारी दोनला हवा. गाणी बंद. एसी पूर्ण. घरची चार माणसं आत, कारण हीच गाडी एकट्यानं वेगळी चालते आणि चौघांनी वेगळी. रिकामा रस्ता पाहून तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० वर स्थिर व्हायचं. फेरे साधारण दीड हजार. आता अ‍ॅक्सिलरेटर अर्धा दाबायचा, पूर्ण नाही, कारण रोजच्या आयुष्यात पूर्ण कोणीच दाबत नाही, आणि मनात मोजायचं. ‘एक’ला हलली तर गाडी तुमची. ‘तीन’पर्यंत काहीच नाही आणि मग एकदम उसळली, तर ती टर्बोची उशिरा येणारी जाग. ती बर्डीच्या गर्दीत रोज डोकं उठवेल आणि अ‍ॅव्हरेजही खाईल, कारण त्या रिकाम्या क्षणात प्रत्येक जण पाय आणखी दाबतो. मग एखाद्या पुलाचा चढ, वर्धा रोडवरचा डबल डेकर चालेल. पायथ्याशी मुद्दाम वेग कमी करून गिअर न बदलता चढवून बघायचं. स्पीडब्रेकर ताशी २० नं घ्यायचा आणि मागच्या सीटकडे कान द्यायचे. मागे बसलेली आई काही बोलली नाही, तर सस्पेन्शनला यापेक्षा मोठं प्रमाणपत्र नाही. सतरा इंची अलॉयवर भाळलेल्यांनी नेमकं हे करून बघावं. चाक मोठं म्हणजे टायरची भिंत बुटकी, म्हणजे खड्डा थेट पाठीत. मोठं चाक बहुधा जडही असतं, म्हणजे अ‍ॅव्हरेजही थोडं कमी. दिसायला छान यापलीकडे त्याचा फायदा शहरात शून्य.

गिअरबॉक्सचं थोडक्यात. एएमटी, म्हणजे मॅन्युअलच गिअरबॉक्स पण क्लच-गिअर यंत्र बदलतं तो, स्वस्त आणि अ‍ॅव्हरेजला मॅन्युअलच्या बरोबरीची, पण दर गिअरला मान डोलावते. टॉर्क कन्व्हर्टर, क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा जुना ऑटोमॅटिक, निमूट आणि टिकाऊ. सीव्हीटी, जिच्यात ठरलेले गिअरच नसतात, रबर ताणल्यासारखी वाटते, पण काटकसरी. होंडा एलिव्हेटचा कागदी आकडा मॅन्युअलला १५.३१ आणि सीव्हीटीला १६.९२, ऑटोमॅटिकचाच जास्त. ड्युअल क्लच, दोन क्लच असलेला झटपट गिअर बदलणारा ऑटोमॅटिक, सगळ्यात मजेदार, पण त्यात कोरड्या, म्हणजे तेलात न बुडलेल्या, क्लचची जात असेल तर ४५ अंशांत गोगलगाय ट्रॅफिकमध्ये फूट-फूट सरकवणं टाळावं. दर सरकण्यात क्लच घासतो आणि तापतो. पुढे एक गाडीभर जागा होऊ द्यायची, मग एकदम सोडायची. आणि चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची नाही. सीएनजीवर मी फार शब्द खर्च करणार नाही. ब्रेझा सीएनजीवर १०३ ची ८८ अश्वशक्ती होते आणि डिकीत टाकी बसते. ज्याला परवडण्यासाठीच गाडी हवी आहे त्यानं खुशाल घ्यावी, पण मग या लेखाचा विषय त्याचा नाही.

शहराबाहेर पडलं की दोन रस्ते दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. एक शिवमडक्यापासून सुरू होणारा समृद्धी महामार्ग. मुंबईकडे ७०१ किलोमीटर, कारला वेगमर्यादा १२०. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ९० वरून १२० वर गेलात की तो पावणेदोन पटीच्या वर जातो, आणि उभ्या कपाटासारखं नाक असलेल्या एसयूव्हीला तो सेडानपेक्षा जास्त जाणवतो. कागदावरचा आकडा कमाल ९० वर मोजलेला असतो हे इथे आठवावं. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर. समजा १२० ला गाडी तेरा देते आणि ९५ ला अठरा. पहिल्या वेगानं ४० लिटर आणि चार तास वीस मिनिटं. दुसऱ्यानं २९ लिटर आणि साधारण साडेपाच तास. अकराशे रुपये देऊन एक तास आणि दहा मिनिटं विकत घेतली. घ्यायची की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण त्याला ‘चालवण्याची मजा’ म्हणू नका. सरळ काँक्रीटवर १२० नं तीन तास बसून राहण्यात मजा नाही, झोप आहे.

आणि टायर. यात चूक सगळ्यात जास्त होते म्हणून सविस्तर. हवा तपासायची ती सकाळी, गाडी चालवण्याआधी किंवा फार तर दोन किलोमीटरच्या आत. टायर तापला की दाब वाढतो, दर पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय. दुपारी तासभर चालवून पंपावर गेलात, ३३ च्या जागी ३७ दिसले आणि पोरानं ‘जास्त आहे’ म्हणून चार काढून टाकले, तर टायर गार झाल्यावर तो २९ असणार. कमी हवेचा टायर दर फेऱ्याला जास्त दबतो, दबला की आतून तापतो, आणि समृद्धीवर जेव्हा टायर फुटतो तेव्हा त्याचं कारण पुष्कळदा हे असतं. लोकांना वाटतं गरमीत हवा कमी ठेवावी. नेमकं उलट. दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर जो आकडा आहे तो थंड टायरचा, आणि भरगच्च गाडीसाठी तिथेच दुसरा, मोठा आकडा लिहिलेला असतो. नायट्रोजन भरल्यानंही हे गणित सुटत नाही. तोही तापला की फुगतो.

दुसरा रस्ता छिंदवाड्याचा. सावनेर, सौंसर, संत्र्याच्या बागा मागे पडतात आणि मग सिल्लेवानीची घाटी सुरू होते. सागवानाचं जंगल, पावसाळ्यात ओल्या मातीचा वास काच उघडली की थेट आत. वळण संपता संपता दुसरं वळण. इथे तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजार फेऱ्यांवर ओढणारं इंजिन हातात असेल तर कळतं लोक पैसे कशासाठी मोजतात. ब्रेक थोडा आधी सोडायचा, स्टिअरिंग एकदाच वळवायचं आणि वळणाच्या मध्यातून हलका पाय. गाडी जमिनीला धरून बाहेर निघते आणि पुढच्या वळणाआधी हात आपोआप सैल पडतात. साधं दीड लिटरचं इंजिन हेच करतं, पण त्याला चार हजारांपर्यंत ओरडू द्यावं लागतं, आणि भीड न ठेवता दुसऱ्यात टाकावं लागतं. त्याचीही एक मजा आहे, मेहनतीची. हायब्रीड चढावर इंजिन एका सुरात रेकत ठेवते, ते ऐकवत नाही. उतारावर मात्र ती शांतपणे बॅटरी भरत येते, आणि मला तिचा तेव्हा हेवा वाटतो. पण पचमढी किंवा चिखलदरा वर्षातून किती वेळा होतं? दोनदा. घाटाचे किलोमीटर सगळे मिळून शे-दीडशे. दहा हजारातले दीडशे. या दीडशेसाठी बाकीच्या नऊ हजार आठशे पन्नासांवर कर भरायचा का, असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ असं येतं. आणि तरी, शोरूममध्ये ते नऊ हजार आठशे पन्नास कोणालाच आठवत नाहीत.

माझं गणित काही फार सुसंगत नाही, पण असं आहे. महिन्याला आठशे-हजार किलोमीटरच्या आत धावणार असेल तर अ‍ॅव्हरेजच्या नावाखाली न आवडलेली गाडी घेऊ नये. वाचलेले दोन हजार दिसत नाहीत आणि न आवडलेली गाडी रोज दिसते. दोन हजार किलोमीटरच्या वर असेल तर मुकाट्यानं काटकसरी गाडी घ्यावी. मधल्यांचे हाल. त्यांनी अश्वशक्ती विसरून खालच्या फेऱ्यांत टॉर्क देणारी आणि वजनाला बेताची गाडी शोधावी. ती दाबायची वेळच कमी येते, त्यामुळे ती मजाही देते आणि पीतही नाही.

उरलेलं काम पायाचं. चालू गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की आजच्या इंजिनात इंजेक्टर बंद होतात. फेरे हजार-बाराशेपर्यंत खाली येईतो पेट्रोलचा थेंब जात नाही. पुलाच्या उतारावर न्यूट्रल टाकणारे काटकसर करत नसतात. न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवायला पेट्रोल लागतंच, शिवाय ब्रेकवर सगळा भार. लाल सिग्नल दोनशे मीटरवरून दिसला की पाय उचलायचा, गिअर तसाच. फक्त एवढ्यानं शहरातले अकरा बारा-साडेबारा होतात, आणि मजाही जात नाही, कारण मजा सिग्नल सुटल्यावर असते, सिग्नलकडे धावत जाण्यात नसते.

मोजणंही नीट हवं. डॅशबोर्डवरचा आकडा बहुधा थोडं गोड बोलतो. खरं मोजमाप टाकी ते टाकी. नोझल पहिल्यांदा ‘कट्’ करून थांबली की थांबायचं, ट्रिप मीटर शून्य करायचं, किमान तीन-चारशे किलोमीटर फिरून त्याच पंपावर, जमलं तर त्याच नोझलवर, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरायचं. किलोमीटर भागिले लिटर. एका टाकीवर विश्वास नाही, तीन टाक्यांची सरासरी. आणि कटनंतर आकडा गोल करायला वरून दोन-चार धक्के मारू द्यायचे नाहीत. एक तर मोजमाप चुकतं, दुसरं म्हणजे टाकीतली वाफ धरून ठेवणाऱ्या कोळशाच्या डबीत पेट्रोल शिरतं आणि ती कायमची खराब होऊ शकते.

त्या संध्याकाळी पंपावरच्या पोरानं तेच विचारलं होतं, “काका, राउंड फिगर करू?” आणि काका म्हणाले, “नको, कट झालं तिथंच थांब.” मग खिशातून छोटी डायरी काढली, कोपरे झिजलेली, रबर बँड लावलेली. बोनेटवर ठेवून लिहिलं. मशीनवरचा आकडा, तारीख. गाडीत वाकून विचारलं, “किलोमीटर सांग गं.” तिनं सांगितले. मनात भागाकार केला असावा, कारण पेन क्षणभर थांबलं. पैसे दिले, टाकीचं झाकण स्वतः दाबून बघितलं, हार नीट केला. आणि मग डाव्या दाराकडे न जाता उजवीकडे आले.

“सरक तिकडे,” ते लेकीला म्हणाले. “मी घेतो.”

मुलगी हसून पलीकडे सरकली. गाडी पंपाच्या उतारावरून रस्त्याला लागली, संध्याकाळची रहदारी अजून भरात यायची होती, आणि पहिल्यातून दुसऱ्यात गेल्यावर तिसरा पडायला हवा होता तिथे तो पडला नाही. दुसरा गिअर गरजेपेक्षा बराच लांब ताणला गेला.

पोरगा नोझल अडकवत तिकडे बघत राहिला. “अकरा बी नाही देणार,” तो म्हणाला, आणि माझ्या गाडीच्या टाकीकडे वळला.